पेलाभर

नुगझार म्हणाला, लामारा, सेंट मार नि विकून टाक.
वासावर वास घातला की दोन वास होतात, मी म्हटलं,
आणि चारही दारं सताड उघडली.
रुस्तावीच्या गाडीबाजारात माझ्या नाकाला मान आहे,
घरी नवऱ्याला त्याचा धाक.

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा पुरात
खिडक्यांपर्यंत बुडालेली ही गाडी
जहाजातून आली, कागदावर कोरडी ठणठणीत.
सीटा काढल्या. गालिचा उलटा करून घासला
व्हिनेगरनं, वर खायचा सोडा,
रात्रभर वाटीत कोळसा.
सकाळी नाक आत घातलं :
ओल्या कुत्र्यासारखा
तो तिथंच, माझी वाट बघत बसलेला.

पाचव्या दिवशी डिकीत, स्टेपनीखालच्या खळग्यात,
सापडलं पेलाभर पाणी.
हिरवट, बुळबुळीत.
जिचं नावही मला ठाऊक नाही अशी नदी
एवढ्या लांब आलेली, विनातिकीट.
स्पंजानं टिपली. कुंपणाबाहेर पिळली.
हात तीनदा धुतले.

रविवारी झेस्ताफोनीचं गिऱ्हाईक आलं.
आत बसलं, डोळे मिटून हुंगलं,
पुन्हा हुंगलं.
"कसलाच वास नाही," म्हणालं, "काय लपवताय?"

नुगझार पायानं खडे उडवत राहिला.
मी सांगून टाकलं सगळं, पूर, जहाज,
पेल्यासकट.

गिऱ्हाइकानं मान डोलावली, दोनशे लारी पाडले,
किल्ली फिरवली,
काचा पार वरपर्यंत घेतल्या
आणि सिगारेट पेटवली.