मधलं माप

सांवेर रोडच्या कारखान्यात मी कॉस्टिंग बघते.
एका डायपरचा हिशेब मला तोंडपाठ आहे:
लगदा, जेल, दोन्ही मांड्यांचं इलॅस्टिक,
कानांच्या चिकटपट्ट्या
आणि कंबरेवर छापलेला निळा हत्ती.
हत्तीचे साडेतीन पैसे.

माप बदलायचं तर रूळ बदला, कटर बदला.
मशीन पाच तास गप्प उभं राहतं
आणि गप्प मशीनचंही भाडं चढत असतं.
म्हणून लहान, मध्यम, मोठं, खूप मोठं. बस.
त्यापुढे एकदम म्हाताऱ्यांचं,
कंबर अठ्ठावीसपासून.

बावीस इंच आमच्या कुठल्याच कागदावर नाही.
बावीस इंच नंदानगरात राहतो,
माझ्या आत्तेबहिणीचा ओजस, नऊ वर्षांचा.
चालत नाही, बोलत नाही,
पण पोह्यांवरची शेव आधी हवी,
हे सगळ्या घराला कळवतो.

सुमेधा म्हणाली, मधलं नाही का गं निघत तुमच्याकडे?

छाजेडशेठ वाईट नाहीत.
त्यांनी चहा मागवला, कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला.
नवा साचा, अकरा लाख.
अशी मुलं शहरात किती, राज्यात किती,
त्यांतल्या किती आयांना परवडेल?
आकडे मीच मांडले. भागाकार मीच केला.
उत्तर बरोबर आलं.
फाइलमध्ये आहे अजून, माझ्याच अक्षरात.

फिटर इर्शादभाई दारात उभे होते.
म्हणाले, दीदी, माप बदलताना
पहिले दीडदोनशे नग लांबट निघतात,
ना इकडचे ना तिकडचे.
एक मांडी सैल, हत्ती अर्धा कापलेला.
भंगारात जातात.

आता महिन्यातून दोनदा एक पोतं बाहेर पडतं.
गेटपासवर कारण लिहावं लागतं.
मी लिहिते: नमुना.
सैल बाजूला सुमेधा दोन टाके घालते.
ओजस हत्तीवरून बोट फिरवत नेतो
आणि सोंड तुटते तिथे
जरा थांबतो.

काल मुंबईहून सल्लागार आले होते.
माप बदलताना वाया जाणारे नग
या तिमाहीत निम्म्यावर आणायचे, म्हणाले.
शक्य आहे, अगदी सहज शक्य आहे.
तक्ता कोरा करून
त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.