अकरा नंबर

माझं नाव मशाक. शाळेत गुरुजी म्हणायचे,
मशाक म्हणजे पाणी वाहायची कातड्याची पिशवी.
अम्मी म्हणायची, नाही हो, ते पिराचं नाव आहे.
एकवीस वर्षं झाली, गावाला पाणी मी सोडतो.
दोघांचंही खरं असेल.

लोखंडी चावी खांद्यावर, पहाटे चारला निघायचं.
झोप तशीही त्याच सुमाराला मोडते, चाराला चार मिनिटं कमी.
कुंभारगल्लीला वीस मिनिटं, वरल्या आळीला तीस,
चढ आहे, पाणी दमतं.
मयत झालेल्या गल्लीत दहा मिनिटं जास्त.
लग्नघरी आधी विचारून घ्यायचं, किती पंगती.
हे कुठल्या रजिस्टरात नव्हतं.

मग औशाहून गाडी आली.
टाकीत सेन्सर बसला, तंबाखूच्या डबीएवढा,
व्हॉल्व्हवर मोटारी, मोटारीत सिमकार्डं,
आणि पंचायतीत टॅबसमोर शिवकांता,
बिराजदारांची धाकटी, बारावी सायन्स.
चावी मी घरी नेऊन दाराआड उभी केली.

आठव्या दिवशी तिनं बोलावलं.
"चाचा, रात्री दोनला सगळे व्हॉल्व्ह बंद.
मग तासाला नऊशे लिटर पितंय कोण?"

रेघ दाखवली. खाली टेकायला हवी होती,
दोन बोटं वर चालली होती, रात्रभर सरळ.
मी म्हटलं, मशीन नवं आहे, चुकत असेल.
ती काही बोलली नाही. मागची रात्र दाखवली. त्याच्या मागची.

अकराला मोटार बसलीच नव्हती.
लिंबराज काका काम सोडताना सांगून गेले होते,
अकराला हात लावू नको, गंजलाय,
मोडला तर टाकी उघडी पडेल.
मी लावला नाही. काही विचारलंही नाही.

पाइपाच्या मागं मागं चालत गेलो,
ती पुढं, फोन हातात, मी मागं.
ओढा ओलांडला. बाभळी.
मग दगड. नुसते दगड,
आणि एका घराएवढी हिरवी जागा,
मधोमध उंबर, खाली मोरांची पिसं.
मे महिना होता. आमच्या गावात तुळशीसुद्धा करपल्या होत्या.

"इथं कोण राहायचं?" तिनं विचारलं.
भूकंपानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेली पोर.
मी बोट दाखवत गेलो: हे सुताराचं, हा आड,
ही मशिदीची पायरी, इथं गिरणी.
उंबर कुणाच्या उंबऱ्यात उगवलाय ते सांगितलं नाही.

सगळं गाव उचलून तिकडं नेलं,
पत्र्याचं, मग सिमेंटचं झालं,
रांगा आखल्या, नंबर टाकले.
पाण्याला कुणी सांगितलंच नाही.
ते आपलं येत राहिलं जुन्या पत्त्यावर.

तिनं तिथंच हिशोब केला, दगडावर बसून.
दिवसाला एकवीस हजार सहाशे.
आठव्या दिवसाची पाळी सहाव्यावर येईल.
तोंडानं म्हणाली नाही, बंद करा.
मीच घरी जाऊन चावी आणली.
अकरा कुरकुरला, अडला, पुन्हा अडला,
आणि फिरला.
फोनमध्ये बघून ती म्हणाली, "टेकली."

पंधरा दिवसांत उंबराची पानं तांबूस झाली.
मी काही बोललो नाही. तीच आली
सोळा मिलिमीटरची नळी अन् एक ड्रिपर घेऊन,
वडिलांच्या डाळिंबातून उरलेला.
म्हणाली, कनेक्शन रीतसर नोंदवू,
चोरी नको आपल्याकडून.

टॅबवर नाव मागत होतं.
नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी थोडा वेळ थांबलो. मग सांगितलं.
तिनं 'जैबून' लिहिताना पहिली वेलांटी दिली,
मी दोन मात्रा द्यायला लावल्या.

"तासाला चार लिटर," ती म्हणाली.

दिसेल का ते रेघेत?

"नाही चाचा. एवढं तिला कळत नाही."