दहातल्या पाच

त्या रविवारी मी कॉफीची मातीची सुरई
भिंतीवर फोडली,
ब्रुक्ताविटच्या कानापासून वीतभर अंतरावर.
बाराची आहे ती. ओरडली नाही.
खाली बसून खापऱ्या वेचू लागली,
आधी मोठ्या, मग बारीक.
तिच्या त्या नीटनेटकेपणाचीच मला भीती वाटली.

कारण विचारू नका. कारण साखरेएवढं होतं.
त्याच्या मागे मात्र मोठी रांग उभी होती:
घोंगड्यांच्या कारखान्यातली कपात,
मुकादमाचं ते दात कोरत बोलणं,
जिबूतीला कामाला गेलेला
आणि तिथल्या उन्हात विरघळलेला नवरा.

मेम्हीर वोल्देसेन्बेत एका डोळ्याने अधू.
देब्रे बिऱ्हानच्या थंडीत, देवळामागच्या खोलीत,
उपासाचे पंचावन्न दिवस ते बेगेना शिकवतात.
काय झालं, त्यांनी विचारलं नाही.
बैलाच्या कातड्याने मढवलेलं ते धूड माझ्यापुढे उभं केलं
आणि तळहातावर ठेवली
चामड्याची एक चिंधी, नखाएवढी.
"तारेखाली सरकव. भुणभुणेपर्यंत."

पहिला आठवडा एवढंच.
तार छेडायची. कोरडी वाजते.
चिंधी केसभर पुढे. कोरडीच.
केसभर मागे. मेली.
पुन्हा.
मध्येच मुकादम येतो, साखर येते,
आणि चिंधी निसटून चटईत हरवते.
"कुठे गेली होतीस?" मेम्हीर विचारतात.
जिबूतीला, मी म्हणते.
"लांब गेलीस. ये आता."

नवव्या दिवशी ती भुणभुणली.
कानात नाही, बरगड्यांत.
किती वर्षं डोक्यात उठलेलं मोहोळ
पहिल्यांदा त्या पेटीत जाऊन बसलं.
मध नव्हता काही. डंख होतेच.
पण माश्या आता एका जागी होत्या.

मग तारा मोजल्या. दहा. मेंढीच्या आतड्याच्या, पिळून पिळून वळलेल्या.
वाजतात पाचच.
मी कारखान्यातली बाई, फुकटचं सूत मला खपत नाही.
उरलेल्या कशाला? मी विचारलं.
मेम्हीर आपला चांगला डोळाही मिटून हसले.
"वाजवून झालेल्या बोटाला टेकायला जागा नको?
नाहीतर ते तसंच पुढे जातं."

घरी येताना मी हात शालीत लपवून चालले.
बेगेना डाव्या हाताने वाजवतात.
सुरई मी उजव्याने फेकली होती.

बरं वाटलं का, शेजारीण विचारते.
काय सांगू? गुरुवारी पीठ आंबून वाया गेलं, वीज गेली,
ब्रुक्ताविटने वहीतलं पान खोटी सही करून नेलेलं कळलं,
आणि हात उठला.
उठला, हे खरं आहे.
मग कसा कोण जाणे, दाराच्या चौकटीवर टेकला
आणि तिथेच राहिला, लाकूड गार लागेपर्यंत.
पोरीने आधी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मग हाताकडेच.

भिंतीवरचा डाग दोनदा चुना लावूनही वर येतो.

काल रात्री मी मेणबत्तीशी वाजवत बसले होते.
ती अंथरुणातून उठून आली, घोंगडीसकट,
आणि कातड्याला कान लावला.
तोच कान.
मी श्वास धरला. बोट टेकवलं.
"तिसरी खोटं बोलतेय," ती म्हणाली.
पाहिलं तर खरंच, चिंधी सरकली होती.
तू बसव, मी म्हटलं, तुझी नखं लहान आहेत.

आता ती वाकली आहे,
जीभ दातांत धरून, केसभर पुढे, केसभर मागे.
मेणबत्ती संपत आली आहे.
मी काही म्हणत नाही.
तिने मान हलवली, की छेडीन.