मेनच्या आधीची तार

नागाळा पार्कातल्या सात मजली इमारतीत,
तळमजल्याच्या मीटरखोलीत,
मी एक तार मेन स्विचच्या आधीच फोडून घेतली
तेव्हा मगदूम शेठ म्हणाले, हे काय आणि नवीन?

नवीन नाही शेठ. आग लागली
की पहिला हात मेनवर जातो.
वॉचमनचा, नाहीतर जो जवळ असेल त्याचा.
पंखे, टीव्ही, देव्हाऱ्यातला बल्ब, टाकीचा पंप,
सगळं एका खटक्यात जातं.
जाऊ दे.
पण बंबवाले ज्या लिफ्टनं वर चढणार
ती त्या खटक्यात जाता कामा नये.
म्हणून हिची वाट निराळी, खटका निराळा,
खटक्यावर लाल पाटी:
हा बंद करू नका.

शेठनी बिल बघितलं.
तिप्पट? तांबं तर तेच की हो!

तांबं तेच, अंगावरचं वेगळं.
साध्या केबलचं प्लास्टिक काळा धूर ओकतं,
माणूस ज्वाळेआधी त्यातच जातो.
हिच्या तांब्याला अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली.
वरचं सगळं जळून गळालं
तरी ती पट्टी तांब्याला धरून बसते,
दोन-दोन, तीन-तीन तास.

अभ्रक मला लहानपणापासून ठाऊक.
बाबा उद्यमनगरात, फौंड्रीच्या भट्टीवर,
आणि सुट्टीदिवशी दारात बसून
गल्लीच्या इस्त्र्या दुरुस्त करायचे.
इस्त्रीच्या पोटातले जुने पापुद्रे
मी नखानं सोलायचो,
शेवटचा इतका पातळ
की त्यातून बाबांचा भाजलेला हात दिसायचा.
लोखंडाचं पाणी होतं पोरा, ते म्हणायचे,
ह्येचं हुईत न्हाई.

हे मी शेठना सांगितलं नाही.
हेही नाही, की शाहूपुरीतल्या एका इमारतीत
पंधरा वर्षांपूर्वी मीच साधी केबल ओढलीय,
बाकीच्या वायरींच्या जुडग्यात कोंबून,
स्लॅबची भोकं तशीच उघडी टाकून.
उघड्या भोकांनी डक्टचं धुराडं होतं
हे मला तेव्हाही माहीत होतं.
परवा तिथंच पाचव्या मजल्यावर बारसं होतं.
जिन्यानं चढलो.
बायको म्हणाली, गुडघा बरा झाला वाटतं.

इथं अल्ताफ मुजावर मजल्यामजल्याला
तांबडा लगदा लिंपत वर गेला.
खालून मी बॅटरी मारायची,
वरून त्यानं ओरडायचं, दिसतोय उजेड!
म्हणजे धूरही येणार. पुन्हा लिंप.

लिफ्टशेजारी पाटी ठोकत होतो,
आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नका,
तर मागून चाकांची खुर्ची आली.
सातव्या मजल्यावरचे हुपरीकर, ड्रॉइंगचे मास्तर.
पाटी दोनदा वाचली.
म्हणाले, अक्षर सुबक आहे.
मग मी काय वापरू?

ड्रिल हातातच राहिलं.
मी त्यांना काचेमागचा खटका दाखवला.
म्हटलं, तुम्ही जिन्याच्या आत, दार लावून थांबायचं.
खाली फायरमन काच फोडेल,
मग लिफ्ट बाकी कुणाची हाक ऐकणार नाही,
एकट्या त्याचीच. तो वर येईल.
लाईट गेलेली असताना?
लाईट गेलेली असताना.
दाखवा, म्हणाले मास्तर.

रविवारी सातच्या सुमारास मी मेन पाडला.
सात मजल्यांतून एकदम आरडा उठला, गेली रे गेली!
अल्ताफ फायरमन झाला, आत शिरला.
अंधारात फक्त दारावरचे आकडे तांबडे,
पाच, सहा, सात,
मग बराच वेळ सात.
माझ्या तोंडाला कोरड पडलेली.
मग सहा.

खाली दार उघडलं. आत पिवळा उजेड,
खुर्चीत मास्तर, मांडीवर टॉवेल.
मी हात पुढे केला,
ते बाहेर येईनात.
म्हणाले, पटलं. आता लवकर वर सोडा,
गॅसवर दूध ठेवून आलोय.