शिफॉन, मैदा, लवंगतेल

घडी उघडायला तीन दिवस लागले.
ओलावा दे, थांब, पुन्हा ओलावा दे.
मग तो पालथा पडून राहिला टेबलावर,
एका साम्राज्याचा एका सल्तनतीशी
व्यापार आणि नौकानयनाचा तह,
कोण्या कारकुनाने मोडीत उतरवलेला तर्जुमा.
खर्शीकर साहेबांनी रजिस्टरात लिहिलं:
पाने चौदा. कसर लागलेली. अवस्था वाईट.
आणि बाजूला, पेन्सिलीने: समुद्री.

पुण्याला समुद्र नाही.
मुठा आहे, तीही धरणातून सोडतील तेव्हा.
मी समुद्र पाहिला हरिहरेश्वरला, ऑफिसच्या सहलीत,
साडी गुडघ्यापर्यंत धरून, दहा मिनिटं.
आणि आता साडेदहा ते साडेपाच
कौन्सिल हॉलच्या मागच्या या खोलीत
मी बंदरं दुरुस्त करते.

कलम दुसरे: उतरल्या मालावर शेकडा पाच,
त्याउपर दमडी घेऊ नये.
कलम चौथे: गलबत फुटल्यास
किनाऱ्यास लागली फळी न् फळी ज्याची त्यास.
कलम सातवे: इतर कोणास जी सवलत द्याल
ती न मागता आम्हांसही.
(माझ्या धाकट्या जावेचं हेच कलम आहे,
फक्त तिने ते कधी लिहून घेतलं नाही.)

कसर शिरली तिसऱ्या कलमातून,
निघाली अकराव्यातून.
वाटेत हस्तिदंत खाल्लं, गोंद खाल्ला,
नकलकाराने जीव ओतून गिरवलेला
सुलतानाचा अर्धा तुघ्रा खाल्ला,
कुठेही जकात न भरता.
इतकं सरळ नौकानयन
या चौदा पानांत दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

मी मैदा शिजवते.
मोरचुदाची चिमूट टाकते,
मग बुरशी धरू नये म्हणून लवंगतेल, थेंब मोजून.
हे भालबा जिनगरांनी शिकवलं.
खळ दोन बोटांत ताणून बघायचे:
तार धरते का? नाही ना? मग शिजव अजून.
तह आहे हा, पतंग नव्हे.

लवंगेसाठी झालेला तह
लवंगेवर तगतो आहे, हे भालबांना सांगायला हवं होतं.
लवंग कोणी खुडली, ते कुठल्या कलमात नाही.
चौदाही पानं दिव्यावर धरून पाहिली.

कलम नववे: कोणी खलाशी
जहाज सोडून पळाल्यास त्यास धरून,
काढण्या लावून, कप्तानाचे हवाली कर

आणि इथे भोक. मसुरीएवढं.
'करावे' होतं की 'करू नये',
क्रियापद शेवटी ठेवणारी आपली भाषा,
तिचा शेवटच कसरीने नेला.

खर्शीकर साहेब चष्मा वर सरकवून म्हणाले,
अहो, 'करावे'च असणार. 'करू नये' म्हणायला
कोणी तह करतो का?
छापील प्रत मागवू, तोवर पेन्सिलीने भरून टाका.

बरोबर आहे त्यांचं.
पण भालबा म्हणायचे, कागद आपला, अक्षर त्यांचं.
भोक बुजवायचं, शब्द नाही.
मी शिफॉनचा तुकडा कापला,
भोकाहून थोडा मोठा,
मधून कडेला कुंचला फिरवत नेला,
बुडबुडा राहू दिला नाही.
उजेडात धरलं तर तिथे नुसता उजेड.
'हवाली कर' वाचून होतं, पुढे काही नाही,
आणि तो कोणी, नाव नसलेला,
शिडीच्या कुठल्या पायरीवर असेल
ते मला माहीत नाही.

छापील प्रत येईल. सरकारी पत्राला
आपल्याकडे जेवढे दिवस लागतात, तेवढ्या दिवसांनी.

संध्याकाळी बसमध्ये सुट्टे देताना
कंडक्टरने नाक फुरफुरवलं.
लवंग? दाढ दुखतेय का, ताई?
म्हटलं, हो.
हडपसर एक.