चौकट

अर्जातला नववा प्रश्न : जागेचा सध्याचा वापर.
ईनॉक बेडोज म्हणाला, लिही, गोठा.
मी म्हटलं, गोठा नाहीये तिथे.
मग लिही, गोठा नाहीये.
तेवढी मोठी चौकट नव्हती कागदावर.

मी नकाशे काढतो, घरं बांधत नाही.
श्रॉपशरच्या या टेकड्यांत वीस वर्षं
लोकांची खुराडी, गॅरेजं
एकास शंभर प्रमाणात उभी केली.
पाडलेल्याचा नकाशा पहिल्यांदाच.

नियम असा :
उभा असता, तर त्यात राहायला जाता आलं असतं.
पाडला, म्हणजे तो नव्हताच.
आणि जमीन? शेतीची होती.
गुरं विकली त्या वर्षापासून
कुणाचीच न राहता नुसती हिरवी आहे.

विमा कंपनीचं पत्र आलं होतं :
भिंत रस्त्याकडे झुकलीय, कुणाच्या तरी अंगावर जाईल.
त्याने पाडली. शहाण्यासारखी.
एकेका दगडावर चुन्याने आकडा घातला,
निळ्या ताडपत्रीखाली रचले,
एक ते सहाशे बारा.
चारशे सात सापडत नाही.
ते त्याला फार लागलंय.

कौन्सिलने पुरावा मागितला.
एकच फोटो निघाला : बक्षिसाची गाय, गळ्यात फीत,
मागे तीन हात भिंत, तीही धूसर.
गायीचं नाव अजून गावाला पाठ आहे.
काप गेले, भोकं राहिली,
आता भोकांचीही मापं द्या म्हणतात.

मंगळवारी रोना प्रॉथेरो आल्या, नियोजन खात्याच्या.
रबरी बूट, पिवळा टेप.
खाजकोलती माजली होती रानभर नाही,
बरोब्बर काटकोनात,
साठ वर्षांचं शेण मुरलं होतं तेवढ्याच जागेवर.
त्यांनी टेप लावला. एकोणीस फूट बाय अकरा.
"ही वनस्पती आहे, बांधकाम नाही," म्हणाल्या,
पण आकडा वहीत उतरवला.

"तुम्ही आत कुठून जायचात?"

ईनॉक पुढे झाला.
मोकळ्या रानात चालता चालता
एके ठिकाणी त्याने मान खाली घातली,
खांदे आवळले, पाऊल टाकलं
आणि पलीकडे जाऊन सरळ झाला.
आपण वाकलो हे त्याच्या गावीही नव्हतं.

मागून मी. माझी उंची सहा फूट.
मीही वाकलो.
प्रॉथेरोबाई घुटमळल्या. टोपी सावरली.
वाकल्या की नाही ते मी सांगणार नाही,
त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे.

निर्णय आठ आठवड्यांत.
रात्री नकाशावर दार काढलं.
रुंदी तीन फूट दोन.
उंची : वाकलेल्या माणसाएवढी.
खोडलं. पाच फूट चार लिहिलं.
दाराच्या डाव्या अंगाला
पेन्सिलने एक दगड काढला,
आकडा न घालता.