पस्तिसावा दिवस

वागिनेमचा बाजार दर पाच दिवसांनी,
पोनच्या दिवशी, मेर्बाबू डोंगराच्या पायथ्याला.
सार्दीची सुट्टी दर सातव्या दिवशी.
सुराबायाची बस त्याला बाजारापर्यंतच आणते;
वरचं गाव एका दिवसात होत नाही.

पाच आणि सात.
दोघांत कशाचीच भागी नाही,
म्हणून भेट थेट पस्तिसाव्या दिवशी:
कोबीच्या ढिगामागे
केळीच्या पानातला गार भात
आणि "खोकला गेला का?"

लेकीच्या वहीत गणित होतं घंटांचं:
दोन घंटा एकदम वाजल्या,
पुन्हा एकदम कधी वाजतील?
निंग्रुमने लसावि काढला, पेन्सिल चावत बसली.
मग घंटा खोडल्या.
एकीच्या जागी लिहिलं आई, दुसरीच्या जागी बाबा,
आणि साताच्या जागी
दहा घालून पाहिले.

"आई, बाबांना म्हणावं, मुकादमाकडे
सुट्ट्या कमी मागा.
दहा दिवसांतून एकच.
फक्त पहिली पोनला पडू दे."

कमी मागून जास्त कसं मिळेल गं?
वागिनेम बोटांवर मोजायला लागली.
मातीने भरलेली, दहाच बोटं.
पुरली.